निनावी पत्र

जिनेंद्रचं भाषण इतकं छान झालं की शोकसभा आहे हे विसरून मागच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. पार्श्वनाथ गुरुजींनी निपाणीत चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, जैन मंदिरात पूजा सांगितली, भावाभावांची भांडणं आपल्या कट्ट्यावर बसून मिटवली. सगळं त्यानं ओळीनं सांगितलं. मंदिरातली रविवारची पाठशाळा तेवढी वगळली.

ती सहा वर्षांपूर्वी त्याच्यामुळंच गुरुजींच्या हातून गेली होती. त्याच्या मुलीनं, सौम्यानं, चिकोडीचं चांगलं स्थळ नाकारलं, शिकायचं म्हणाली, आणि गुरुजींनी तिला धीर दिला. जिनेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'गुरुजी पोरींना आईबापांविरुद्ध फितवतात,' असं निनावी पत्र त्यानं मंदिराच्या कमिटीला टाकलं. कमिटीनं चौकशी केली नाही. 'आता विश्रांती घ्या,' एवढंच गुरुजींना सांगितलं. 'पोरींवरून काहीतरी झालं' एवढं मात्र गावभर पसरलं. सौम्या आज बेळगावात प्राध्यापिका आहे, आणि बाप ते चारचौघांत मिरवतो. काय म्हणावं!

सभा संपल्यावर तो गुरुजींच्या पत्नीपुढं, पद्माक्कांपुढं वाकला.

"छान बोललास," त्या म्हणाल्या.

त्याला लाज वाटली. सहा वर्षं दाबून ठेवलेली, खरीखुरी लाज.

"आक्का, कमिटीला त्ये पत्र... मी लिवलतं."

"ठाव हाय की. कमिटीनं ह्यांच्याच हातात दिलतं. तुझं अक्षर ह्यांनी न्हाय वळखायचं तर कुणी रं? हात धरून पाटीवर गिरवून घेतल्यालं."

पर्युषण संपलं की क्षमावाणीला घरोघरी जाऊन एकमेकांची क्षमा मागायची, धाकट्यानं आधी थोरल्याकडं जायचं, ही रीत. पण पत्रानंतर जिनेंद्र कधी गुरुजींकडं फिरकला नाही. गुरुजीच दर वर्षी त्याच्या दारात यायचे, हात जोडायचे. 'कळत-नकळत काही चुकलं असंल तर क्षमा असावी.' हाही 'क्षमा, क्षमा' म्हणायचा आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावायचा.

"मग दर क्षमावाणीला त्ये माझ्याकडं..."

"तुझी क्षमा मागाय येत हुते वाटलं व्हय? तुझं तोंड उघडंल म्हणून येत हुते. घरी आलं की म्हणायचे, 'यंदाबी न्हाय बोलला. पोरगं वाईट न्हाय गं, त्याला जरा उशीर लागतोय.'"

त्यानं दोन्ही हात जोडले. "आक्का, क्षमा करा."

"माझी काय मागतोस? पाठशाळा गेली त्याचं त्यास्नी काय न्हाय वाटलं. पर बायका आपल्या पोरींना त्यांच्यापास्नं लांब बसवाय लागल्या, त्ये लई लागलं. देवळात पूजेला उभं राह्यलं की मान खाली घालायचे." पद्माक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. "ज्यांनी पोरी लांब बसवल्या, त्या समद्या हितंच हायत आत्ता."

लोक उठले होते. पायऱ्यांवर चपला शोधत होते. जिनेंद्र पुन्हा व्यासपीठावर चढला. माईक केव्हाच बंद झाला होता. त्याला ते ओरडून सांगावं लागलं.