मानाची गादी

"किती झालं, बाइके?" एर्निसने फोनवरून विचारलं. थोरल्या तोक्तोसुनला तो मानाने बाइके, म्हणजे दादा, म्हणे.

"सत्त्याण्णव," तोक्तोसुनने पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचला. वाचेपर्यंत तो अठ्ठ्याण्णव झाला, आणि लॅपटॉप गपकन बंद पडला. सकाळपासूनची ही पाचवी खेप.

तळं कड्याच्या मागे होतं, चौकीतून दिसत नसे. तिथं टांगलेलं यंत्र दर वीस मिनिटांनी पाण्याची उंची मोजी. ती लॅपटॉपने वाचायची आणि भलतंच काही, तळं फुटायचं चिन्ह दिसलं तर खाली कुरणातला भोंगा वाजवायचा, म्हणजे लोक उंचावर पळतील. तोक्तोसुनचं काम एवढंच, की लॅपटॉप चालू ठेवायचा. आणि ऊन तापायला लागल्यापासून चार दिवस तेच जमत नव्हतं.

"तुझ्या त्या लिनक्सनेच घात केला," तो म्हणाला. "फुकटचं ते फुकटचंच."

"अहो, त्यात काही खोट नाही. पंखा पूर्ण वेगाने फिरतोय, प्रोसेसरचा वेग मी निम्म्यावर आणलाय, नको ते सगळं बंद केलंय. आता राहिलंय काय?" एर्निस बिश्केकमधल्या कचेरीतून बोलत होता आणि वैतागला होता. चार दिवस तो एकेक अक्षर सांगे आणि तोक्तोसुन एका बोटाने ते टाइप करी. दोघांनी मिळून लॅपटॉप चालवणाऱ्या त्या लिनक्स प्रणालीचा कानाकोपरा झाडून काढला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. "तासभर बंद ठेवा. निवू दे. अकराला मी फोन करतो."

अकरा वाजता फोन आला, त्याच वेळी दारात घोडा थांबला. मामबेतअली म्हातारा, ज्याला सगळे मानाने अता म्हणत, कड्यावरच्या वाटेने आला होता. खालच्या कुरणात भोंग्याच्या खांबाजवळच त्याचा तंबू, तिथं सून आणि तीन नातवंडं. सुनेने कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, पाठवलं होतं. ते तोक्तोसुनच्या बायकोच्या, बुरुलचाच्या हातात देत तो म्हणाला, "येताना कुठंतरी दरड कोसळली बघा. घोडं बिचकलं माझं."

"रोजचंच आहे, अता," तोक्तोसुन मान वर न करता म्हणाला. लॅपटॉप नुकताच सुरू होऊन, आकडे यायच्या आतच तापून पुन्हा बंद पडला होता; तो परत बटण दाबायच्या तयारीत होता.

बुरुलचा नवऱ्यावर डाफरली. "आधी अतांना बसू दे, मग तुझं ते बडव!" पाहुणा वडीलधारा, तो दारासमोरच्या मानाच्या जागीच बसणार. आणि तिथं तर लॅपटॉप होता. पाच मऊ गाद्यांची चळत, वर तिच्या माहेरची भरतकामाची गादी, आणि त्यावर तो. वसंतात चौकीवर राहायला आल्या दिवसापासून तिनेच त्याला तिथं बसवलं होतं. सगळ्या दरीवर नजर ठेवणाऱ्याला काय दाराशी, जोड्यांपाशी ठेवायचं?

जागा करायला म्हाताऱ्याने लॅपटॉपखाली हात घातला आणि तो चटकन मागे घेतला.

"अगं पोरी, ही तर भट्टी आहे! तापाने फणफणलेल्याला कुणी गाद्यांत पुरून ठेवतं?" त्याने कोपऱ्यातल्या दोन विटा ओढल्या, मधे वीतभर फट ठेवली आणि लॅपटॉप त्यांच्यावर टेकवला. "घे, आता श्वास घेऊ दे त्याला."

एर्निसने फोनवरून सगळं ऐकलं होतं.

"बाइके, तुम्ही तो गादीवर ठेवला होता?"

"मग कुठं ठेवणार?"

"मी विचारलंच नाही," एर्निस म्हणाला. "चार दिवसांत एकदासुद्धा नाही. इथं सगळे टेबलावर ठेवतात."

तोक्तोसुनने बटण दाबलं. ऐंशी. त्र्याहत्तर. सहासष्ट. बुरुलचा हसायला लागली. म्हाताऱ्याने मोकळ्या झालेल्या गादीवर ऐसपैस मांडी घातली. "शहरातला साहेब हरला आणि मेंढक्या जिंकला! सांग त्याला. आता चहा टाक, पोरी. आज रात्रीपर्यंत काही मी उठत नाही."

तोक्तोसुनही हसत होता. किती दिवसांनी त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता.

मग बंद असतानाच्या वेळातले, तळ्यावर साठून राहिलेले आकडे यायला लागले. एकाखाली एक.

दहा वाजता सात मीटर चाळीस. दहा वीसला सात मीटर बावन्न. दहा चाळीसला चार मीटर दहा.

त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचलं. त्याने बोट पडद्याला लावून पुन्हा वाचलं.

अकराला एक मीटर ऐंशी.

लॅपटॉप आता शहाण्यासारखा वागत होता. त्याने आकडे तपासले, धोका ओळखला, कुणी न सांगता भोंग्याला हुकूम सोडला. पडद्यावर ओळ उमटली: भोंग्याकडून उत्तर नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे. थोड्या वेळाने तीच ओळ त्याखाली. मग आणखी एकदा.

"काय म्हणतंय रे तुझं यंत्र?" म्हाताऱ्याने विचारलं. बुरुलचाने दिलेला पहिला वाडगा त्याच्या हातात होता. "आमच्या पोरांना भोंगा भारी आवडतो. वाजव की एकदा, इथूनच. दचकतील लेकाचे."

तोक्तोसुनला त्याच्याकडे बघवेना. त्याची बोटं अजून पडद्यावरच होती.

"बाइके?" फोनमधून एर्निसचा आनंदी आवाज आला. "ऐकताय ना? किती झालं?"

"एकोणसाठ," तोक्तोसुन म्हणाला.