मागून घंटी वाजली की

रूळ उखडून रेल्वेच्या जुन्या पुलावर फळ्या टाकल्या. आता तिथे माणसं फिरतात, सायकली धावतात. निवृत्त गँगमन बायकोला घेऊन रोज संध्याकाळी येतो. म्हणजे तो चार पावलं पुढे, ती मागे. चारचौघांत त्याने उभ्या जन्मात तिचा हात धरला नाही. पण मागून सायकलची घंटी वाजली, की तो वळतो, तिचा हात पकडतो आणि कठड्याबाहेरच्या सज्ज्यात ओढून नेतो. पूर्वी गाडी आली की गँगमन तिथेच उभे राहायचे. "अहो, सायकल आहे ती, इंजिन नव्हे! लोक हसतात." "हसू देत. आधी गाडी जाऊ दे." सायकल गेली, की हात सुटतो. आज शुकशुकाट होता. निम्मा पूल संपला, तरी सायकल नाही. तो पुढेच होता. सज्ज्याजवळ येताच तिने पिशवी उघडली, नातवाच्या मोडक्या सायकलची घंटी काढली आणि वाजवली.