शेंगदाण्याचा कण

कंपनीच्या चारही कारखान्यांत बाहेरच्या माणसाला आत सोडायचे की नाही, याबाबत साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. शेंगदाण्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात गेलेल्याने त्या दिवशी बाळांच्या दूध पावडरीच्या कारखान्यात पाऊल टाकायचे नाही, हा नियम त्यांचाच. कारण ॲलर्जी असलेल्या एखाद्या बाळाच्या जिवावर बेतायला शेंगदाण्याचा एक कणही पुरतो.

तो कण अखेर पावडरीत सापडलाच, आणि ती पावडर तयार झाली त्या दिवशी तिथले यंत्र दुरुस्त करून गेलेल्या मेकॅनिकला साहेबांनी गेटवर बोलावून घेतले.

"आईशप्पथ साहेब, त्या बिस्किटवाल्या कारखान्याचं मी तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. पोटावर पाय देऊ नका."

"चोराच्या उलट्या बोंबा! आजपासून चारही गेटं तुला बंद."

मेकॅनिक हत्यारांची पिशवी उचलून निघाला. तपास परिपूर्ण दिसावा, म्हणून साहेबांनी पहारेकऱ्याला विचारले, "त्या दिवशी तिकडून इकडे आणखी कोण आलं होतं?"

पहारेकरी खुशामतीने हसला. "बाहेरच्यांपैकी कुणीच नाही. तुम्ही तेवढे आला होतात, साहेब, बिस्किटांकडून थेट इथे, आम्ही नियम पाळतोय का ते बघायला. पण तुम्हाला कोण अडवणार? तुम्ही काय बाहेरचे आहात?"

साहेबांचे कान लाजेने तापले. मेकॅनिक अजून हाकेच्या अंतरावर, सायकलला पिशवी बांधत होता.



त्याला हाक मारायला साहेबांनी तोंड उघडले, आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "गेट लावून घे."