आरसा खाली का बघतो?

नवी गाडी दारात आली तेव्हा आई चाकांखाली ठेवायला लिंबं घेऊन आली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले अण्णा तिच्यावर डाफरले, "लिंबावर गाडी चालती व्हय? सरबत कर त्याचं!"

आज प्रियदर्शनी पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन अक्कलकोटला निघाली होती. तिनं रिव्हर्स टाकला आणि डावीकडचा आरसा आपोआप खाली झुकला. गिअर काढला तर तो वर आला. पुन्हा टाकला, पुन्हा खाली.

"बिघडलाय का गं?" आईनं दारातून विचारलं.

"न्हाय, मुद्दामच खाली बघतोय. पण बघतोय तरी काय?"

तिनं मान वळवून आरशात नीट पाहिलं. मागचं चाक दिसत होतं, आणि चाकाला टेकवलेलं एक पिवळंधमक लिंबू.

"आई, शेवटी ठेवलंसच की!"

"मी कुटं ठेवलं? माजी लिंबं तर कालच सरबतात गेली."

दोघींनी अण्णांकडं बघितलं. ते हात मागं बांधून आभाळ न्याहाळत होते.

"गाडी मागं घेताना मागं बघावं," ते म्हणाले. "खाली काय बघायलीस?"