मूठभर काव

तुळशीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि सुमतीला वृंदावन रंगवायला मूठभर काव, लोखंडाच्या डोंगरातली लाल माती, हवी होती. ती खाणीच्या डोंगराच्या कुंपणाशी गेली, तर पहाऱ्यावर तिचा भाचा दिनू होता.

"मावशी, हे लोखंड आता परक्या देशाचं. पुढे भाव काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून ते खणत नाहीत, डोंगरातच साठवतात. मूठभर हललं तरी उपग्रहाला कळतं. माझी नोकरी जाईल."

"तुझे काका रोज केसांतून, कानांतून डोंगर घरी आणायचे. तेव्हा कुणी मोजला नाही."

"तेव्हा तो आपला होता गं."

घरी येऊन तिने ट्रंकेतून गेलेल्या नवऱ्याचा शर्ट काढला, खाणीतल्या शेवटच्या पाळीचा, मुद्दाम न धुतलेला. एक बाही तिने घमेल्यात बुडवली. पाणी हळूहळू लाल झालं. दुसरी बाही तिने कोरडीच ठेवली, पुढच्या वर्षासाठी.