शेवटचं कडवं

"शेवटचं कडवं कापा," मुंबईहून आलेला रेकॉर्ड कंपनीचा साहेब म्हणाला, आणि श्रावणनं पेटीचा भाता असा काही दाबला की पेटी कळवळली.

अकोल्याचं ते सिनेमा थिएटर. सकाळचं रिकामं असतं म्हणून साहेबानं ते भाड्यानं घेतलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगल्या होत्या. बाराच्या खेळाआधी गाणं टेपवर चढायला हवं होतं. पातूरच्या गायन पार्टीची ही पहिली रेकॉर्ड, आणि आज बिनसलं तर शेवटचीही. साहेब संध्याकाळी नागपूरला निघणार होता. तिथं दुसऱ्या पार्ट्या टपून बसल्या होत्या.

"तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची," साहेब म्हणाला. "तुमचं गाणं पुढं जातं. मधली कडवी काढली तर गाण्यातली विहिरीची गोष्ट तुटते. शेवटच्या चार ओळींत काय, फक्त तुमचं नाव आहे."

फक्त नाव, म्हणे. श्रावणच्या मस्तकात तिडीक गेली. छप्पन साली दीक्षा झाली आणि वऱ्हाडात गावोगाव अशा पार्ट्या उभ्या राहिल्या. बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी उजाडेपर्यंत चालत, आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते बांधणाऱ्याचं नाव येई. त्याला छाप म्हणत. छाप नसलेलं गाणं म्हणजे दावं तुटलेलं ढोर. ज्याला सापडेल तो हाकून नेई. वलगावात एका पार्टीनं असंच त्याचं गाणं स्वतःचं नाव घालून म्हटलं, तेव्हा श्रावण भर मांडवात त्यांच्या पेटीवर उभा राहिला होता. पेटी मोडली, गाणं परत मिळालं.

"साहेब," तो म्हणाला, "ज्यानं गानं बांधलं त्याचं नाव कापनं म्हंजे त्याची जीभ कापनं हाये. पिढ्यान् पिढ्या आमचं नाव कोनी घेतलं नाई. आता आमी घेऊन राहिलो, तं तुमाले ते जास्त होते. चोर हाये काय तुमी?"

ढोलकीवाला धर्मपाल मान डोलवू लागला. मागं श्रावणची बायको इंदूबाई झांजा घेऊन बसली होती. ती कोरसला होती. छापेचं कडवं आलं की ती तोंड मिटून नुसत्या झांजा वाजवी. नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नसतं. धर्म नवा घेतला तरी ही जुनी खोड काही सुटली नव्हती.

साहेब चिडला नाही. रोज असे दहा जण ओरडताना त्यानं पाहिले असावेत.

"बरं, कापू नका. दोन ओळींत बसवा. गाणं तुमचंच आहे, तुम्हाला काय जड? चहा होईपर्यंत थांबतो."

श्रावणनं जन्मात एक ओळ बांधली नव्हती. गाणी बांधायची इंदूबाई, लोकांच्या वावरात निंदताना, कापूस वेचताना. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती त्याला म्हणून दाखवी, आणि शेवटच्या कडव्यात एका जागी थांबून म्हणे, "इथं तुमचं नाव." पहिल्या खेपेला त्याला लाजल्यासारखं झालं होतं. पुढं सवय झाली. सवय झाली की चोरीचा मालही घरचाच वाटतो.

पाणी प्यायच्या निमित्तानं तो मागं गेला आणि तिच्यापाशी वाकला.

"इंदे, दोन ओळी दे. लवकर."

इंदूबाईनं झांजा खाली ठेवल्या.

"नाव ज्याचं, त्यानंच बांधावं," ती म्हणाली. हळू नाही. मशीनपाशी बसलेल्या साहेबालाही ते ऐकू गेलं.

"चारचौघात इज्जत घेऊन राहिली काय मायी?"

"तुमीच सांगतलं न आता, जीभ कापनं हाये म्हून. मायी किती खेपा कापली तुमी?" तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "दोन ओळीचं कडवं मायापाशी हाये. लय सालापासून हाये. पन त्यात नाव दुसरं हाये."

धर्मपालनं ढोलकीवरचे हात काढून घेतले. श्रावणचा हात उठला असता. घरी असता तर उठलाही असता. पण मघाचं त्याचंच बोलणं त्याच्या कानात वाजत होतं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. राग होताच. फक्त आता तो कोणावर काढावा, ते कळेना. दारात थिएटरचा माणूस घड्याळ दाखवत उभा होता. श्रावण पेटीपाशी जाऊन बसला आणि त्यानं सूर धरला.

मशीनवरचा लाल दिवा लागला. गाणं सुरू झालं. गावची विहीर आली, काठावरून लांबून पाणी मागणाऱ्या बाया आल्या, मग दीक्षेचा दिवस आला. शेवटच्या कडव्यापाशी श्रावण थांबला. मागून इंदूबाईचा आवाज आला, झांजांशिवाय, उघडा:

ओंजळीत हक्काचं पाणी,
इंदू गाते इंदूची गाणी.

दिवा विझला. साहेबानं घड्याळ पाहिलं आणि मान डोलवली. गाणं तबकडीत बसलं होतं. मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि सवयीनं श्रावणकडेच वळून विचारलं, "लेबलवर कवी म्हणून तुमचंच नाव घालायचं ना?"

श्रावणनं पेटीचा भाता बंद केला. त्याचा आवाज अजून तसाच तापलेला होता.

"काहून साहेब, गानं आयकलं नाई काय तुमी?"