शर्मिष्ठाबाईंचं पोवळं

"बाई, तुमच्या अंगठीतलं पोवळं टाका ना!" पहिल्या बाकावरची रुचिरा ओरडली. "पोवळं म्हणजे प्रवाळच की! माझी आजी सांगते."

सगळी सातवी ब बाईंच्या बोटाकडे बघायला लागली. टेबलावर व्हिनेगरचे तीन ग्लास होते. पहिल्यात रुचिरानेच वर्सोव्याहून आणलेला शिंपला, दुसऱ्यात अंड्याचं टरफल. दोन्हींवर बारीक बुडबुडे धरले होते. आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरतो, पाणी आंबटाकडे झुकतं आणि प्रवाळांनी हजारो वर्षं बांधलेली चुन्याची घरं झिजायला लागतात, एवढं सांगून झालं होतं. समुद्राचं काही व्हिनेगर होत नाही, हा फक्त लवकर दिसावं म्हणून केलेला प्रयोग, हेही बाईंनी बजावलं होतं. तिसऱ्या ग्लासात टाकायला मात्र काही नव्हतं. मरोळच्या शाळेत प्रवाळ आणायचं कुठून?

शर्मिष्ठाने अंगठीवर दुसरा हात ठेवला. नऊ वर्षांत ती बोटातून निघाली नव्हती.

तिची पत्रिका मंगळाची. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून, सराफाकडे चार खेपा घालून हे पोवळं आणलं होतं. "माझ्या देवदत्ताच्या जिवाला जप गं बाई," म्हणून स्वतःच्या हाताने सुनेच्या बोटात घातलं होतं. शर्मिष्ठा विज्ञान शिकवणारी. हसली, पण घातलं. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका सकाळी कणीक मळताना अंगठी काढली ती ओट्यावरच विसरून शाळेत आली. अकराच्या सुमाराला फोन आला. देवदत्तच्या बाइकला ट्रकने उडवलं होतं.

तेव्हापासून घरात दोन बायका आणि एक वाक्य राहत होतं. "एकच दिवस काढलीस गं, एकच दिवस." सासूबाई कधी ओरडल्या नाहीत. मेथी निवडता निवडता म्हणायच्या, दिवा लावता लावता म्हणायच्या. हळूहळू त्या म्हणेनाशा झाल्या, तरी शर्मिष्ठाला ते ऐकू यायचंच. ग्रहबिह सगळं थोतांड, हे ती वर्गात ठणकावून सांगायची. आणि घरी मात्र कणकेने बरबटलेली अंगठी तशीच नळाखाली धुवायची. आता वाचवायला कोण उरलं होतं? पण ती निघत नव्हती, हे खरं.

"टाका ना, बाई!" आता सगळा वर्गच मागे लागला.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने अंगठी ओढून काढली. बोटावर पांढरा वळ होता. सोनं कशाला भिजवा म्हणून सर्वेशच्या कंपासपेटीतल्या कर्कटकाने तिने खडा उचकटला आणि तिसऱ्या ग्लासात सोडला. बुडबुडे आले तर मुलांना टाळ्या पिटायला मिळतील. आणि आपल्याला? खरंखुरं पोवळं आपणच काढून ठेवलं होतं, एवढं पक्कं होईल.

एक मिनिट गेलं. पाच गेली. शिंपला फसफसत होता. खडा तळाशी लालभडक, ढिम्म.

तिने तो बाहेर काढला, कर्कटकाने खरवडला. लाल रंगाचा पापुद्रा निघाला. आत काच.

"वाट लागली, बाई!" सर्वेश म्हणाला. "डुप्लिकेट निघालं की तुमचं!"

वर्ग खो खो हसला. शर्मिष्ठा फळ्याला टेकून उभी राहिली. काढलं काय नि घातलं काय! त्या दिवशी ओट्यावर काचेचा तुकडा राहिला होता, बाकी काही नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तास संपल्याची घंटासुद्धा ऐकू आली नाही.

मग रिक्षात बसल्यावर राग आला. असा राग की कानशिलं तापली. नऊ वर्षं! जिने काच आणली ती सांगत होती आणि जिने काच काढली ती ऐकत होती. आता घरात पाऊल टाकल्या टाकल्या खडा समोर आपटायचा. म्हणायचं, घ्या, बघा तुमचं पोवळं. तुम्हीच फसलात. माझ्या माथी मारलंत ते आता ठेवा तुमच्याजवळ.

दार सासूबाईंनीच उघडलं. त्यांची नजर आधी बोटाकडे गेली, नेहमी जायची तशीच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काढलीस?" त्यांनी तिचं बोट दोन्ही हातांत घट्ट धरलं. "अगं, शाळेतून घरापर्यंत अशीच आलीस? एवढ्या गाड्या रस्त्याला! तुला काही झालं असतं म्हणजे? तू पण गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू गं?"

म्हातारी पदराने तिचा पांढरा वळ चोळत होती, जणू तिथे लागलंच होतं.

तिचा हात पर्समध्ये गेला. खडा हाताला लागला. अंगठीही लागली. तिने नुसती अंगठी बाहेर काढली आणि रिकामं कोंदण सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"मुलांना प्रयोग दाखवायला व्हिनेगरमध्ये टाकलं, आई," ती म्हणाली. "सगळं विरघळलं. अस्सल होतं तुमचं पोवळं."